कुकडीत माझं विसर्जन नको

जरा जवळ या, आणि मोबाइल आधी खिशात ठेवा. हल्ली कोण काय टिपून घेईल सांगता येत नाही. मी आळेफाट्यावरच्या रामदासशेठच्या झेरॉक्स मशीनच्या पोटातली हार्ड डिस्क बोलतेय.

चपापलात ना? झेरॉक्सच्या पोटात डिस्क असते हेच मुळी फारसं कुणाला माहीत नसतं. काचेवर ठेवलेला कागद मशीन आधी माझ्यावर उतरवतं, मग छापतं. छापलेलं गिऱ्हाईक घेऊन जातं. माझ्यावरचं माझ्याकडंच राहतं.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही, पण पहिली नोकरी आठवते. समुद्रापलीकडच्या थंड देशात, एका वकिलाच्या ऑफिसात. सहा वर्षांनी त्यांनी मशीन मोडीत काढलं. निघताना एका बाईंनी बटण दाबलं आणि ‘सगळं पुसलं’ म्हणून हात झटकले. मी जहाजातून मुंबईला आणि टेम्पोतून आळेफाट्याला आले, ती कुणा म्हातारीचं अख्खं मृत्युपत्र बरोबर घेऊन. त्या बिचारीला आळेफाटा कशाला ठाऊक असणार! ‘पुसलं’ म्हणणाऱ्यावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

रामदासशेठ सातवी शिकलेला, पण माणूस ओळखण्यात पटाईत. त्याच्या गल्ल्याशेजारी अकरा वर्षं काढून मीही ती विद्या उचलली. निमगाव सावाचे धर्माजी यायचे. शेजारच्याला मजकूर दिसू नये म्हणून कागदावर तळहात धरून उभे राहायचे. खराब निघालेली प्रतसुद्धा चार तुकडे करून खिशात घालायचे. असा सावध माणूस मला मनापासून आवडायचा. आणि एवढं करून अस्सल कागद काचेवरच विसरून एसटी पकडायचे!

दर दसऱ्याला रामदास मशीनला हळद-कुंकू लावायचा, झेंडूची माळ घालायचा. ते सगळं वरच्या झाकणाला; माझ्यापर्यंत त्यातला कणही पोचला नाही. तरी त्या दिवशी बरं वाटायचं.

यंदा पौषात उज्ज्वला आली. पारगावच्या शिवारात ऊसतोडीला उतरलेल्या टोळीतली. दुकानात दुसरं कुणी नाही हे बघूनच आत शिरली. पदराच्या गाठीतून घडी घातलेला अर्ज काढला. मुकादम भिमाजी बायकांच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये वेळी-अवेळी शिरतो, अंगचटीला येतो, अशी तक्रार. खाली पाच जणींची नावं आणि अंगठे. आणि शेवटची ओळ : आमची नावं गुप्त ठेवावीत.

“भाऊ, दोन काढा. आन् वाचू नगा.”

“ताई, मी झेरॉक्स काढतो, लोकांची कागदं वाचत न्हाई,” रामदास म्हणाला आणि खरोखरच तोंड फिरवून उभा राहिला.

त्यानं वाचलं नाही. मी वाचलं.

पुढं चौकशी लागली. तक्रार झाली आणि अर्जाची झेरॉक्स फाट्यावर निघाली एवढं भिमाजीला समजलं, कुणी केली ते समजेना. त्यानं टोळीत सांगून टाकलं, “नावं कळू द्या, एकेकीला पोराबाळांसकट रस्त्यावर काढतो.” ही बातमी फाट्यावरही आली.

त्याच सुमाराला रामदासनं नवं रंगीत मशीन आणलं आणि जुनं विकायला काढलं. चौथ्याच दिवशी भिमाजी दारात हजर.

“सूनबाईला पारगावात दुकान टाकून द्यायचंय, शेठ.” चहा ढवळताना त्याची नजर कपात नव्हती, मशीनवर होती. “पर मशीन हाय तसं द्यायचं बरं का. आतली डिस्क-बिस्क बदलू नका. ओरिजिनल पायजे.”

रामदास हसून ‘बरं’ म्हणाला. भिमाजी गेल्यावर मात्र रिकामा कप हातात धरून बसून राहिला. जुनं मशीन घेणारा आधी ड्रम विचारतो, टोनर विचारतो, किती कॉप्या मारल्यात ते विचारतो. यानं नेमकी डिस्क विचारली! तोंड फिरवून उभं राहिलेला तो दिवस रामदासला आठवला असावा. त्यानं मशीनच्या पडद्यावर ‘सगळं डिलीट’ दाबलं, आणि तरी मनाची खात्री पटेना म्हणून गेणभाऊ मेकॅनिकला बोलावलं. बाजाराला आलेल्या उज्ज्वलालाही हाक मारून आत घेतलं.

गेणभाऊ हसला. “शेठ, पुस्तकाची अनुक्रमणिका फाडलीस तू. पानं तशीच हायेत. कुनीबी फुकटातलं सॉफ्टवेअर लावून वर काढील.”

“मग त्याच्यावर दुसरं कायतरी लिहून टाक.”

“त्येनं जमतं. पर ही डिस्क म्हातारी झालीय, अडखळती. लिहिताना कुठली पानं सुटली ते कळायचं न्हाई. फोडून टाक.”

रामदासचा चेहरा पडला. “फोडू कशी? अकरा दसरे हळद-कुंकू लावलंय. कुकडीत विसर्जन करून येतो.”

“गणपती हाय व्हय? पाण्यातनं काढून, धुऊन-पुसून वाचत्यात राव!”

माझा तर जीवच दडपला. कुकडीच्या गाळात पडायचं आणि वर कोण गळ टाकून बसलाय याचा अंदाज घेत राहायचं!

आता उज्ज्वला पुढं झाली. “भाऊ, आमीबी दसऱ्याला कोयता पुजतो. झिजला की लोहाराच्या भट्टीत घालतोच की. देव कोपल्याचं आमी तरी आयकलं न्हाई.” मग खाली बघत म्हणाली, “माजं एकटीचं नाव असतं तर म्हनले असते, ऱ्हाऊ द्या. पर साळुबाईला लिव्हता-वाचता येत न्हाई. तिनं माज्या शब्दावर अंगठा दिलाय.”

रामदास उठला. “दुसरी डिस्क टाकून देतो त्याला. जुनी जळाली म्हणीन.”

“त्येला संशय यंल,” गेणभाऊ म्हणाला.

“येऊ दे की! संशयाखाली कुनाचं नाव लिहिलेलं नसतं.”

गेणभाऊनं स्क्रू काढले. रामदासनं देवापुढची कुयरी आणली आणि बोटभर कुंकू या वेळी थेट माझ्या अंगाला लावलं. ड्रिल त्याला धरवेना, ते उज्ज्वलानं मागून घेतलं.

आता मी शिकंज्यात पकडलेली आहे. वेळ थोडा आहे, म्हणून तुम्हाला सांगते. मोबाइल विका, कॉम्प्युटर विका, भंगारात काहीही द्या. पण आमच्या पोटात कुणाकुणाचे अंगठे आहेत ते आधी आठवा. आणि ‘पुसलं’ असं कुणी सांगितलं, तर कशानं पुसलं ते विचारा.

ड्रिल फिरू लागलं. पहिलं भोक आरपार गेलं. वकिलाची ती म्हातारी गेली, धर्माजींचे कागदही गेले असावेत. उज्ज्वलानं हात थांबवून गेणभाऊकडं बघितलं.

थांबू नकोस, बाई. तुझ्या जागी मी असते तर एका भोकावर विश्वास ठेवला नसता. साळुबाईचा अंगठा अजून शाबूत आहे. जरा डावीकडं घे.