बळवंतमास्तरांचा जॉन ब्राऊन

उमरोळीच्या बळवंतमास्तरांना त्या दिवशी पालघरला व्याख्यान द्यायचे होते आणि नेमका त्याच सकाळी गोठ्यात ठकीने गळा काढला.

ठकीचा नवरा झिपरू हा त्यांच्या घरचा लग्नगडी. म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी जरा लाज बाळगून ऐकावे. वारल्याच्या पोराचे लग्न जमीनदाराने लावून द्यायचे आणि त्या बदल्यात नवराबायकोने त्याच्याकडे मरेपर्यंत राबायचे! कायद्याने ही चाल केव्हाच बंद झाली होती. पण मास्तरांचे वडील, आप्पा, कायद्याला कुठले विचारतात! झिपरू तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर मजुरीला गेला, तर आप्पांनी त्याला धरून आणला, फोकाने फोडून काढला आणि मनगटे आवळून गोठ्यातल्या खांबाला बांधला.

"मास्तर, सोड ना रं त्याला! हात काळं पडलं हायत," ठकी पायाशी लोळण घेत म्हणाली.

"आप्पांचा राग उतरू दे. संध्याकाळी बघतो," असे म्हणून मास्तर टोपी घालून निघाले.

व्याख्यान काय रंगले म्हणता! अमेरिकेतला जॉन ब्राऊन. गोरा असून काळ्या गुलामांसाठी त्याने शस्त्र उचलले, तीन मुलगे त्या लढ्यात गमावले, स्वतः फासावर चढला. बायकांनी पदराने डोळे पुसले. गळ्यातला हार मिरवतच मास्तर घरी परतले.

त्यांच्या पत्नीने, चंद्रकांताबाईंनी, पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला नाही.

"झालं भाषण?"

"अगं, लोक रडले!"

"ठकी सकाळपासून रडतेय. मी दोर कापायला गेले, तर मामंजींनी कोयता हिसकावून घेतला. अहो, त्या माणसाने परक्यांसाठी पोटची पोरं दिली आणि तुम्हाला वडिलांचा एक शब्द मोडवत नाही? मग कशाला त्याचं नाव तोंडात घेता!"

हे मात्र मास्तरांच्या वर्मी लागले. हार भिरकावून ते तडक गोठ्यात गेले. आप्पा "घराबाहेर काढीन!" म्हणून ओरडत राहिले आणि मास्तरांनी दोर कापला.

"जा झिपरू! मोकळा आहेस तू!"

झिपरूची बोटे सुजून काळीनिळी झाली होती. ती मिटत नव्हती.

"सकाळी सोडला असतास तर बरा झाला असता, मास्तर," तो म्हणाला. "आता मोकळा होऊन करू काय? घमेला बी धरवत नाय."

मास्तरांनी सख्ख्या बापाविरुद्ध पोलिसांत जबानी दिली, घर सोडले, झिपरूला घेऊन दवाखाने पालथे घातले. महिन्याभराने ते त्याला तारापूरला घेऊन गेले. मुकादमाने हात पाहिले आणि दुसऱ्या मजुराला पुढे बोलावले.

नागरिकहो, दूरदेशीच्या गुलामासाठी रडायला काही लागत नाही. आपल्या घरात अन्याय दिसला, की त्याच क्षणी उठा! उशिरा आलेल्या पश्चात्तापाने तुमचे मन हलके होईल, पण झिपरूला आजही ठकीच घास भरवते.