खिंड चढणारी दूधजीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. किती जुनी ते विचारू नका. बाईमाणसाला वय विचारत नाहीत. बार्शीकडच्या डोंगराकडेला कोंडीबांच्या शेडमध्ये मी राहते. पत्रा चेपलेला आहे, रंग बदलून बदलून मूळचा कुठला ते मीही विसरले, पण माझा आवाज ऐकाल तर वाट सोडून उभे राहाल.

माझी पहिली नोकरी सरकारी होती. धरणाच्या कामावर साहेबांना घेऊन मी चिखल तुडवायची. "हीच गाडी पाठवा," असं साहेब म्हणाले की मी फुगून जायची. पुढे नव्या गाड्या आल्या, माझा लिलाव झाला आणि कोंडीबांनी मला घरी आणलं. त्यांनी माझ्यात कडबा भरला, वऱ्हाड भरलं, एकदा तर रेडकूही बसवलं. मी कुरकुरले नाही. पण त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि मी शेडमध्ये पडून राहिले. मागच्या बाकावर कोंबडी अंडी घालू लागली. खरं सांगते, फार वाईट वाटायचं.

मला बाहेर काढलं कोंडीबांच्या सुनेनं, रुपालीनं. वस्तीवरच्या बायकांनी म्हशी घेतल्या होत्या, पण दूध केंद्र खिंडीपलीकडे. वाटेत नुसता मुरूम आणि घळी. साधा टेम्पो तिथं येत नाही. दूध मी पोचवते, असा शब्द रुपालीनं दिला. कॅन भरून आम्ही निघायचो आणि निम्म्या खिंडीत माझा दम संपायचा. कॅन उतरवा, पुन्हा चढवा, यात ऊन वर यायचं आणि दूध नासायचं. शेवटी त्या बायकांतल्या सारजाबाई म्हणाल्या, "दसरा झाल्यावरच्या आयतवारपत्तूर बघती. न्हाय जमलं तर म्हैस बाजारात नेती. सांडायला का दूध काढायचं?" त्यांची गेली की बाकीच्यांच्याही जाणार, हे रुपालीला कळत होतं.

तिनं मला सोलापूरला, होटगी रोडच्या शरणप्पा मिस्त्रींकडे नेलं. कोंडीबाही आले. मिस्त्री म्हणाले, इंजिन हेच ठेवू, पण आत मोठ्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा दांडा, बसवू. मग पिस्टनची धाव लांब होईल आणि गाडी जास्त जोर लावील. कोंडीबांना काही उमजेना.

"आड त्योच ठिवायचा, दोर वाढवायचा," मिस्त्रींनी समजावलं. "बादली आणखी खाली जाती, पाणी जास्त येतं."

"आन् वर यिऊन आपटली म्हंजे?"

कोंडीबांची शंका रास्त होती. लांब धावेचा पिस्टन वरच्या झडपेला धडकला असता तर माझा कारभारच आटोपला असता. ते तपासायला मिस्त्री पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीचा गोळा ठेवतात, वर हेड, म्हणजे झडपांचं झाकण, कसतात, इंजिन हातानं फिरवतात आणि उघडून गोळा किती दबला ते बघतात. पण त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा मांडायची घाई, माती काही सापडेना. मिस्त्रींच्या पत्नी गौरम्मा मागं घरात भाकऱ्या करत होत्या. त्यांच्या परातीतला ज्वारीच्या पिठाचा गोळा माझ्यात गेला. उघडलं तर नुसता भुगा. "कुटं दबलंय? मोकळं हाय," म्हणत मिस्त्रींनी हेड कसलं, पाने-पकडी पुसून हळदकुंकू लावलं आणि पूजेत मांडले.

जेवताना रुपालीच्या हातात भाकरी मोडली. "पीठ जुनं हाय," गौरम्मा म्हणाल्या. "विरी गेलीय त्येची, चिकटपणाच न्हाय ऱ्हायला. थापतानाच चिरा पडत हुत्या."

रुपालीचा घास हातातच राहिला. ती तशीच बाहेर आली. "मिस्त्री, ते पीठ दबून फुटलं का आपसूक, कसं कळायचं?"

मिस्त्रींनी पूजेत मांडलेल्या पान्यांकडं बघितलं. "पुन्यांदा उघडाय पायजे. पण पूजेतला पाना दसऱ्यापत्तूर उचलत न्हाईत."

"मग चालू करा की," हातात नारळ घेतलेले कोंडीबा म्हणाले. "येवढा चांगला मुहूर्त. आयतवार बी जवळ आलाय."

"मामा, थांबूया. इंजिन फुटलं तर म्हशी गेल्याच की."

कोंडीबांनी रुसून नारळ परत पिशवीत टाकला. मीही रुसले. झेंडूची माळ घालून नटूनथटून नुसतं उभं राहायचं म्हणजे काय?

दसरा झाल्यावर हेड निघालं. या वेळी गौरम्मांनी पोळ्यांची तेल लावून मळलेली कणीक दिली. एका पिस्टनवर, झडपेच्या जागी, ती कांद्याच्या पापुद्र्याएवढीच उरली होती, म्हणजे पिस्टन झडपेला धडकायच्याच बेतात. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. माझा तर रुसवा जागच्या जागी विरला. पिस्टनच्या माथ्यावर झडपांपुरते खळगे कोरून झाले, कणीक पुन्हा ठेवली, तेव्हा ती चांगली जाड निघाली. मग कोंडीबांनी स्वतःच नारळ फोडला.

आम्ही घरी पोचलो तोवर शनिवार मावळला होता. सकाळी सारजाबाईंची म्हैस बाजारासाठी धुऊन बांधलेली दिसली; व्यापारीही ठरला होता. कॅन चढले. बायका नेहमीप्रमाणे हातात दगड घेऊन मागून निघाल्या, गाडी मागं सरकली तर चाकाला लावायला. मला भीती वाटत होती. निम्मी खिंड आली, रुपालीनं पाय दाबला, आणि मित्रांनो, दम संपलाच नाही. पुढचं वळण गेलं, घळ गेली, मी वर पोचले. बायका खाली राहिल्या.

सारजाबाई धापा टाकत वर आल्या. दगड अजून हातातच होता. एकही कॅन उतरला नव्हता. त्यांनी दगड बाजूला टाकला आणि माझ्या गरम बॉनेटवर हात ठेवला.

"रुपाली, त्या यापाऱ्याला फोन लाव. म्हनावं, म्हैस इकायची न्हाय."

तर मित्रांनो, घरचं जुनं यंत्र दमलं म्हणून त्याला भंगारात ढकलू नका. उघडून बघा, मापं नीट घ्या, आणि घाईत असाल तेव्हा तर दोनदा घ्या. नव्या जोरानं माझी इंधनाची तहानही वाढली आहे, ते आता रुपाली जाणते. आमच्या वस्तीवरच्या म्हशी मी सांभाळते. तुमच्याकडच्या जुन्या गाडीचं तेल तेवढं तुम्ही बघा.