बापाच्या रकान्यातला धाकू

“आजोबा, तुमचा बाप सापडला.”

बाजीराव जाधव तेव्हा करंजाड्यातल्या एका सोसायटीच्या पंपरूममध्ये उकिडवा बसून पंपाच्या ग्लँडमध्ये दोरी भरत होता. त्याने वर न बघता विचारलं, “कुठं? पनवेल स्टेशनला?”

“मस्करी नको ना. लिस्बनला. म्हणजे तो मेलाय. त्याची मुलगी सापडली. तुमची बहीण. सावत्र, पण मॅच पक्का.”

“पाना दे,” बाजीराव म्हणाला. नट आवळले, पंप चालू केला, गळत नाही हे पाहिलं आणि मगच हात पुसून नातवाच्या मोबाईलकडे बघितलं.

अश्विन त्याच्या मुलीचा, राजश्रीचा मुलगा. उरणच्या कंटेनर यार्डातून त्याला काढलं होतं, तेव्हापासून तो घरीच. आजोबा गोव्यात पोर्तुगीज राज असताना जन्मला, तर नातवाला युरोपचा पासपोर्ट मिळू शकतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं. आजोबाच्या बापाचा पत्ता नाही म्हटल्यावर त्याने डीएनएची डबी मागवली. त्यात थुंकायचं म्हटल्यावर बाजीराव हसला होता. “आमच्या खापरपणज्याच्या गळ्यात पेशवाईत थुंकीसाठी मडकं बांधलं होतं सवर्णांनी. आता थुंकी कुरियरने जाते. प्रगती हाय.”

आपला बाप कोण, हे बाजीरावने कधी शोधलं नव्हतं. त्याला गरज पडली नव्हती. आई चांगुणा कोकणातल्या सीमेलगतच्या गावातून हद्द ओलांडून गोव्यात पोर्तुगीज सोल्जरांच्या बराकीत कपडे धुवायला जायची. मूल तिथेच झालं. तिचा भाऊ धाकू दोघांना गावी घेऊन आला. शाळेत घालताना मास्तरने बापाचं नाव विचारलं, तेव्हा धाकू म्हणाला, “लिवा, धाकू.” मास्तरने लिहिलं.

गावाला तेवढं पुरलं. बहिणीच्या पोराला भावाने बाप म्हणून नाव दिलं, म्हणजे पोर भावाचंच. पाणवठ्यावर बोलले, लग्नाच्या मांडवात बोलले. धाकूने खुलासा केला नाही. केला असता तर चांगुणा पुन्हा चव्हाट्यावर आली असती. तो दगड फोडत राहिला आणि त्या मजुरीत त्याने भाच्याला आयटीआय करवलं. धाकूला कुणी मुलगी दिली नाही. एकटा जगला, एकटा मेला.

रविवारी खांदेश्वरला राजश्रीच्या घरी व्हिडिओ कॉल झाला. बाजीराव तिच्याकडेच राहायचा. पडद्यावर साठीची बाई, ओलिंदा. ती पोर्तुगीजमध्ये बोलायची, तिची मुलगी इंग्रजीत सांगायची, अश्विन मराठीत. ओलिंदाने बापाचा फोटो दाखवला. बाजीराव रंगाने आईसारखा काळा, पण जबडा तोच. राजश्रीने तोंडावर हात ठेवला.

“ती म्हणते, डॅडी शेवटी शेवटी सांगायचे, इंडियात एक कपडे धुणारी मुलगी होती. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं.”

“नाव काय तिचं? विचार.”

अश्विनने विचारलं. “नाव कधी सांगितलं नाही म्हणते.”

“प्रेम केलं आनि नाव लक्षात नाय,” बाजीराव म्हणाला. “भारी प्रेम.”

“हे नको सांगू रे,” राजश्री कुजबुजली.

“तसंच्या तसं सांग. माझ्या आयला कोनी विचारलं होतं का, हे ना हिला ठाऊक, ना मला. तवर प्रेम म्हनायचं नाय.”

अश्विनने चाचरत सांगितलं. ओलिंदाने ऐकून घेतलं. मग तिने मान हलवली.

“आता तिला सांग, चांगुणा. बोल म्हनावं.”

“शांगुना.”

“परत.”

“चांगुना.”

“बरोबर. आता बोलू आपन.”

घोडं अडलं ते पनवेलच्या पासपोर्ट एजंटपाशी. गोव्यातल्या जन्मनोंदीत फक्त आईचं नाव. शाळेचा दाखला, आधार, पेन्शन, सगळीकडे बाप म्हणून धाकू. एजंट म्हणाला, धाकू बाप नाही असं प्रतिज्ञापत्र करा, पेपरात जाहीर नोटीस द्या, मग फाइल पुढे जाईल.

“धाकूला मी खोडनार नाय,” बाजीराव घरी येऊन म्हणाला. “विषय संपला.”

“मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, आजोबा? मी जिवंत सडतोय इथे.”

“तिकडं जाऊन भांडी घासशील. इथं घास.”

“इथे घासली तर तुम्हीच म्हणाल, शिकून भांडी घासतो.”

 बाजीरावने ताट सारलं. आजोबा-नातू एका घरात राहून बोलेनासे झाले. शेवटी राजश्रीने एजंटचा मसुदा उचलला.

“निदान ऐकून घ्या, बाबा. नाही तर फाडून टाकते. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, श्री. धाकू सोनू जाधव हे माझे जन्मदाते वडील नसून माझ्या आईचे सख्खे भाऊ होते. पुरावा म्हणून डीएनए अहवाल सोबत...’”

“थांब. परत वाच.”

तिने परत वाचलं.

बाजीराव उठून बाल्कनीत गेला. आपण धाकूला पुसून टाकतोय असं तो समजत होता. धाकूला अख्खा जन्म हेच एक वाक्य पाहिजे होतं, आणि ते बोलायची त्याला सोय नव्हती.

“सही करतो,” तो आत येऊन म्हणाला. “पन नोटीस मी सांगीन तशी.”

नोटिशीत त्याने एक ओळ वाढवली: त्यांनी भाच्याला नाव दिले. एजंट म्हणाला, असं लिहायची पद्धत नाही. बाजीराव म्हणाला, “आता पडंल.”

गावच्या बौद्ध मंडळाची मुंबई शाखा महिन्यातून एकदा खांदेश्वरच्या विहारात बसते. सोयरिकी, भांडणं, मयताची वर्गणी, गावचं सगळं तिथे निघतं. वंदना झाली, इतिवृत्त झालं, “आयत्या वेळचे विषय” पुकारले, तेव्हा बाजीराव उठला आणि पेपर उघडून नोटीस वाचली. मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत. डीएनएचा अर्थही सांगितला. “धाकू माझा मामा. फक्त मामा. तुमच्या आयाबापांनी जे पसरवलं ते खोटं. कोनाला अहवाल बघायचा असंल तर बघा.”

कुणी हात पुढे केला नाही. पोरं मोबाईलमधून वर बघायला लागली. अध्यक्षांनी घसा खाकरला.

पहिल्या रांगेतला मारोतीकाका, धाकूपेक्षा थोडा लहान, कानामागे हात धरून ऐकत होता.

“मगे तेनी लगीन कित्याक नाय केल्यान?” त्याने विचारलं.

बाजीरावने पेपरची घडी घातली. नव्या मुंबईत आयुष्य गेल्यावर तो पहिल्यांदा गावच्या बोलीत बोलला.

“काका, तेका चेडू कोनी दिल्यान?”

ज्या घरांनी तेव्हा मुलगी दिली नव्हती, ती सगळी घरं समोर खुर्च्यांवर बसली होती. मारोतीकाकाला तीन बहिणी होत्या. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.