दुसरी काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. संतानाची आस धरून येणाऱ्या दांपत्यांच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी माझे आसन आहे. ज्या कारागिराने मला घडविले, त्याने माझ्या भिंगावर एक अतिसूक्ष्म लेप दिला होता. "दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका," असे तो बजावीत असे. माझे पुढचे सारे आयुष्य जणू त्याच वाक्याचे भाष्य होय.

या प्रयोगशाळेच्या प्रमुख तंत्रज्ञ बाईंना सारे 'काकू' म्हणत. त्या काचपट्टीवर थेंब पसरीत, रंगवीत आणि मला विचारीत, "बोल बाबा, काय दिसतंय?" कित्येक वर्षे मी निष्ठेने दाखवीत गेलो. पुढे पडद्याचे नवे यंत्र आले आणि माझ्या नशिबी कापडी बुरखा आला. त्यातच एका सेवकाने उपकार म्हणून मला स्पिरिटने इतके घासले, की भिंगाचा लेप कडेने उडाला. तेथे आजही धुके आहे.

एके सकाळी नवे यंत्र रुसले. काकूंनी माझा बुरखा काढला. समोर एक दांपत्य होते: पती घड्याळजी, पत्नी शस्त्रक्रियागृहातील परिचारिका. सोबत सासूबाई. लग्नाला चार वर्षे झाली, पाळणा हलला नव्हता. निरनिराळ्या दवाखान्यांत सूनबाईच्या अकरा तपासण्या झाल्या होत्या. मुलाची एकही नाही.

सूनबाईची काचपट्टी मी पाहिली. गर्भमार्गाचे रक्षण करणारे, काडीसारखे उपकारी जीवाणू जेथे दाटीने नांदावेत, तेथे उजाड माळ होता.

"आत धुवायला काही वापरतेस का गं?" काकूंनी विचारले.

"रोज! आमच्या शस्त्रक्रियागृहातलं जंतुनाशक. सगळं कसं निर्जंतुक हवं ना?"

"अगं बाई! घर झाडता झाडता राखणदारांनाही केरात टाकलंस की!"

सासूबाईंना तेवढेच पुरले. "म्हणजे खोट हिच्यातच! माझ्या मुलाला काय धाड भरलीय? जन्मात एकदाच आजारी पडला, चार वर्षांपूर्वी, लग्न ठरलं तेव्हा. गालगुंडं झाली. दुकानात भोपळा मांडल्यासारखा दिसायचा!"

सूनबाईची मान खाली गेली; पण दारात उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंची वर झाली.

"मोठेपणी गालगुंडं? आजी, तो विषाणू कधीकधी गालांवर थांबत नाही. पुरुषबीज घडवणाऱ्या ग्रंथींनाही सुजवतो. काकू, दुसरी काचपट्टी घ्या."

ती आली, तेव्हा माझ्या भिंगाखाली मोजकेच शुक्राणू होते, तेही रेंगाळणारे. घड्याळजींनी सवयीने एक डोळा मिटला आणि स्वतः पाहिले. मग म्हणाले, "आई, बंद पडलेलं नाही. मंद चाललंय."

"मग?" सासूबाईंचा आवाज प्रथमच बारीक झाला.

"मग काय? असं घड्याळ कोणी फेकत नाही. आणि शेजारच्या घड्याळाला दोषही देत नाही."

सूनबाई डोळे पुसत खुदकन हसली. जंतुनाशक सुटले, दोघांवरही उपचार झाले. नेमके कशाने गुण आला, हे डॉक्टरीणबाईंनाही ठामपणे सांगता आले नाही. परंतु दोन वर्षांनी तिघे नव्हे, चौघे आले. कडेवरच्या कन्येचे फुगरे गाल काकूंना दाखवीत सासूबाई म्हणाल्या, "गालगुंडं नव्हेत हो, बाळसं आहे! आणि गालगुंडांची लस टोचणार आहोत, मी विचारून ठेवलंय!"

त्या दिवशी घड्याळजींनी माझे स्क्रू आवळले आणि भिंगावरची धूळ हलक्या फुंकरीने उडविली. घासले मात्र नाही.

मित्रांनो, माझे मागणे तेवढेच. पुसा, पण खरवडू नका. न दिसणाऱ्या राखणदारांना जपा. आणि कोणाला दोष देण्यापूर्वी दुसरी काचपट्टी मागवा. मी खिडकीपाशीच आहे.