गालात लपवलेला टाक

“गळ्यातला टाक अंगावेगळा करू नकोस, आशालता. आंघोळीतसुद्धा नाही,” असं सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी सांगितलं होतं. चांदीच्या त्या चिमुकल्या गोल पत्र्यावर आमची कुलदेवी आहे. कराड सोडून मारुंजीला भाड्याच्या घरात आलो, यांची नोकरी हिंजवडीत लागली, तरी सोळा वर्षं माझा तो नेम चुकला नाही.

२००६ च्या श्रावणात उजवा गाल सुजला. खालच्या दोन दाढांपैकी दुखतेय कोणती, हेच मला सांगता येईना. घोटावड्याच्या डॉक्टर कौस्तुभांनी ठोकून पाहिलं, तर दोन्हींतून कळ आली. एक्स-रे काढू, नाहीतर चांगलीच दाढ उपटली जाईल, असं ते म्हणाले. गळ्याभोवती शिशाचा पट्टा बांधायचा होता, म्हणून गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र मी यांच्या हाती दिलं. डॉक्टर पाठमोरे झाले तसा टाक दोऱ्यातून सोडवला आणि हळूच गालात सारला. सुजलेल्या गालात तो कुणाला दिसणार!

त्यांनी जिभेच्या बाजूला फिल्म बसवली, दाराबाहेर गेले, यंत्र क्षणभर वाजलं. मला काहीच जाणवलं नाही.

थोड्या वेळाने ते ओली फिल्म खिडकीशी धरून बघत राहिले. दाढांच्या मुळांवर पांढराशुभ्र गोल होता. यंत्रच बिघडलेलं दिसतंय, पुण्याहून माणूस यायला चार दिवस लागतील, आणि सूज तोवर थांबायची नाही, असं ते यांना सांगू लागले. म्हणजे अंदाजानेच दाढ काढायची.

मी खाली मान घालून टाक तळहातावर ठेवला आणि सासूबाईंचा नेम सांगितला.

“तुझ्याऐवजी देवीचीच दाढ बघायची होती होय?” हे म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्टूल जवळ ओढलं आणि समजावून सांगितलं. यंत्रात तापलेल्या तारेतून विजेचे कण सुटतात, ते टंगस्टनच्या तुकड्यावर जोरात आदळतात. बरंचसं बळ उष्णतेतच जातं, थोडक्याचे किरण होतात. गालाच्या मांसातून ते सहज पार होतात, दात आणि हाड बरेच अडवतात, चांदी तर जवळजवळ सगळेच. जिथे किरण पोचत नाहीत तिथे फिल्म पांढरी राहते.

मग त्यांनी विचारलं, “अंगालाच राहायला हवा ना? मुठीत धरा. काही बिघडत नाही.”

दुसऱ्या फिल्मवर मागच्या दाढेच्या मुळाखाली काळा डाग उमटला. पुवाने तिथलं हाड खाल्लं होतं, म्हणून किरण पार झाले होते. पुढची दाढ ठणठणीत होती. मागचीही मूळ साफ करून वाचली. त्या दिवसापासून सांजवातीला हात जोडताना डॉक्टरांचं नाव आपोआप ओठांवर येतं.

शेवटच्या खेपेला दवाखान्याच्या पायरीवर एक मेंढपाळ बाई बसली होती, बयाबाई. गाल पदराने दाबून. दोनदा आत जाऊन परत आली होती. बिरोबाचा ताईत गळ्यातून काढायला ती तयार नव्हती. मी माझी चूक तिला सगळी सांगितली.

“मुठीत चालतंय व्हय?”

“चालतं. मी शेजारी थांबेन, दाराशी.”

“मग बुधवारी येते. तुमी न्हाई आला तर मी बी न्हाई.”

येईन, असं मी तिला म्हणाले.

बुधवारी हे ऑफिसला गेले. मी पूजा आटोपली, नैवेद्य दाखवला, छत्री घेतली आणि दार ओढून घोटावड्याच्या टमटमकडे चालू लागले.