आखाजीचा मुराळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकीबाळींना माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. शिंदखेड्याकडच्या त्या गावात कुंदाबाईच्या शेजारणींकडे दरसाल मुराळी यायचे. कुंदाबाईकडे नऊ वर्षं कुणी फिरकलं नव्हतं. धाकट्या भावाच्या, झिपरूच्या लग्नात जावयाचा मान राहून गेला, नि तिचा नवरा उखर्डू भरल्या ताटावरून उठला. दोन्ही घरचे पुरुष अडून बसले नि जीव मात्र हिचा टांगणीला! मागल्या वर्षी बाप गेला तेव्हा दहाव्याला जाऊन ती त्याच दिवशी परतली होती.

अठ्ठावन्न साली झिपरू दारात उभा राहिला.

"अक्का, तुले लेवाले उनू."

तिला न्यायला मुराळी आला होता! तिनं चुलीवरची भाकरी तशीच टाकली. उखर्डूनंही बऱ्या बोलानं 'जा' म्हटलं. गाडीत बसेपर्यंत तिला खरं वाटेना.

माहेरी चार दिवस नुसती चंगळ. खापरावरचे मांडे काय, आमरस काय, लिंबाचा झोका काय! चाळिशीला टेकलेली बाई, पण झोक्यावरून उतरायला तयार नाही. भावजय वाटीत तूप वाढायची थांबत नव्हती. एवढं लाडात येण्यासारखं काय झालं, हे विचारायचं कुंदाबाईनं मुद्दामच टाळलं. विचारलं असतं तर सुख कमी झालं असतं.

पाचव्या दिवशी झिपरू म्हणाला, "अमळनेरले जाऊत. कचेरीमा थोडं काम शे."

काम असं होतं. बापानं स्वकष्टानं घेतलेलं सहा एकर रान, पण मृत्युपत्र केलेलं नव्हतं. नवा कायदा आलेला. तलाठ्यानं वारस म्हणून भावाबरोबर बहिणीचंही नाव लावलं. तिच्या अंगठ्याशिवाय रान विकता येईना. झिपरूला रान, घर सगळंच मोडून अमळनेरला तेलाच्या कारखान्यात जायचं होतं. तिथं एका खोलीत बिऱ्हाड.

कारकुनानं कागद वाचून दाखवला. शाईची गादी पुढं सरकवली. कुंदाबाईनं अंगठा उचलला नि पदराखाली घेतला.

झिपरू घाईनं म्हणाला, "अक्का, तुना वाटाना बठ्ठा पैसा तुले देसू."

"माले पैसा नको. रान बी नको."

"मंग?"

भाऊ कशासाठी आला ते आता लख्ख दिसलं, तरी तो आला होता हेच तिला सोडवेना. लबाड मेला! पण दारात उभं राहून 'लेवाले उनू' म्हणणारा तिला जगात हा एकच होता. एका खोलीतल्या बिऱ्हाडात बहिणीला कोण नेतं?

"पुढला आखाजीले लेवाले ये," ती म्हणाली. "तव्हय आंगठा देसू."

"गिऱ्हाईक थांबाव नही, अक्का."

"मी नऊ वरीस वाट दखी."

कारकुनानं कंटाळून गादीचं झाकण लावलं. दोघं बाहेर लिंबाखाली आली. झिपरूनं विचारलं, "अन तव्हय बी नही दिधा तर?"

कुंदाबाईनं त्याच्या डोक्यावरची टोपी सरळ केली.

"तर तेना पुढला साले ये."