शनिवारचं धुणं

हॉलिनब्रूकचा फुटबॉल क्लब जेमतेम तीन हंगाम जगला, पण काय हंगाम होते ते! शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा वाजला की सारं गाव गुत्त्यापाशी लोटायचं. खेळाडू त्याच्याच माडीवर कपडे बदलून गर्दीतून वाट काढत मैदानावर जायचे. पगारावर खेळणारी पोरं ती. त्यातला मर्डो तर खास स्कॉटलंडहून आणलेला. ते दिवस आठवले की त्याच्या बायकोचे, केझियाचे गाल या वयातही गरम व्हायचे.

शेवटच्या सामन्यात मर्डोनं चेंडू मारला. तेव्हा गोलाला जाळी नसायची. आतून गेला, असं मर्डो म्हणाला. पंच म्हणाला, खांबाबाहेरून. सामना गेला, लीगमधली जागा गेली, क्लबनं गाशा गुंडाळला. चाळीस वर्षं झाली, तरी मेलं गाव काही विसरेना.

आज मर्डो गुत्त्यातून आला तो तोंड पाडूनच.

"मैदानावर घरं बांधतायत. ते टवाळ म्हणतात, मर्डोला खांबाबाहेरचं घर द्या."

केझियानं चहा त्याच्यापुढे ठेवला. आता नाही सांगायचं तर कधी, मेल्यावर?

"मर्डो, गोल झाला होता रे. आमचं परसू खांबांच्या मागेच होतं. दोन खांबांच्या बरोबर मधे माझी ओली चादर, आणि चेंडू थेट तिच्यावर! हा एवढा चिखलाचा डाग. मी घाबरून चादर आत ओढली आणि धुऊन टाकली."

घाबरेल नाही तर काय! गावात धुणं सोमवारीच. शनिवारी वाळत घालणारी बाई म्हणजे गल्लीच्या लेखी गबाळी, वाया गेलेली. आईच्या आजारपणात केझियाचा सोमवार हुकला होता, पण ते ऐकून कोण घेणार?

मर्डो चहा ढवळत राहिला. "ठाऊक आहे. डाग बघितला होता मी."

"मग पंचाला का नाही दाखवलास, मेल्या?"

"अगं, चार हजार माणसं वळून बघती झाली असती. शनिवारचं धुणं! तुझी पार अब्रू गेली असती." तो खाकरला. "आणि मला रविवारी तुझ्या आईकडे तुला मागायला यायचं होतं."

"चाळीस वर्षं टोमणे खाल्लेस, गाढवा!" म्हणत केझिया ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. केझियानं पलंगावरची स्वच्छ चादर काढून धुतली आणि भर दुपारी, गुत्त्यासमोर, गल्लीत आडव्या बांधलेल्या दोरीवर वाळत घातली. हातात पेले घेऊन माणसं दारात आली.

"केझिया, अगं, आज शनिवार ना?" शेजारीण ओरडली.

"हो. तेव्हाही शनिवारच होता," केझिया म्हणाली. "या सगळे इकडे, सांगते."